दाजींच्या खिशातला सेल

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत राग निवायला पाहिजे होता असं बायको म्हणते. निवलेला नाही. मला दाजींचा राग आहे, ज्यानं त्यांना तो पितळी पाइप दिला त्याचा राग आहे आणि दवाखान्यात बसून "तंबाखूनं कधी कुणाचा खिसा पेटला का?" असं विचारणाऱ्या शहाण्यांचा तर इतका राग आहे की त्यांतला एक जण परवा एका लग्नात शेजारी येऊन बसला, तर मी भरलं ताट घेऊन दुसऱ्या पंगतीत गेलो. आणि माझा स्वतःचा राग आहे. तो सगळ्यात मोठा आहे, म्हणून तो दुसऱ्यांवर काढत असतो.

नांदेडला माझं छोटं दुकान आहे. फवारणीच्या पंपाच्या बॅटऱ्या बनवून देणं, डोक्याला बांधायच्या टॉर्च दुरुस्त करणं, असली कामं. बोटाएवढे लांब, गोल लिथियमचे सेल येतात, ते ओळीनं जोडले की पंपाची बॅटरी होते. या सेलचा स्वभाव मला पाठ आहे. वरची बारकी टोपी प्लस आणि बाकी सगळं अंग मायनस. दोघांच्या मध्ये काय, तर एक कागदाची चकती आणि वरून चढवलेलं कांद्याच्या सालीएवढं पातळ प्लास्टिक. ते टोपीजवळ फाटलं आणि तिथं किल्ली, नाणं, कुठलीही धातूची वस्तू आडवी पडली, की सेलातली सगळी वीज एकदम सुटते. सेल तापतो, फुसफुसतो आणि पेटतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला सुटा सेल देताना प्लास्टिकच्या डबीत घालून देतो आणि दोन-दोनदा बजावतो. लोक वैतागतात. "सेलच हाय ना, नाग हाय का?" म्हणतात. तरी बजावतो. नाव-गाव माहीत नसलेल्या माणसालाही बजावतो. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

माझी थोरली बहीण, अक्का, देगलूरला दिलेली. तिचे मालक, म्हणजे माझे दाजी, तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सौदे बोलायचे. धान्याच्या ढिगाभोवती व्यापारी गोळा झाले की भाव पुकारणारा माणूस तो. दाजी मराठीत सुरू करायचे, तेलंगणाकडचा व्यापारी दिसला की तेलुगूत वळायचे आणि कर्नाटकातल्या कुणाला चिमटा काढायचा असला की कन्नडमध्ये. ढीग बदलला तरी श्वास तुटायचा नाही. मी लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत अक्काकडे जायचो तेव्हा पोत्यावर बसून नुसता त्यांचा आवाज ऐकायचो. घर त्या तोंडावर चालत होतं आणि त्याच तोंडात ते वीस-बावीस वर्षं तंबाखू, चुना आणि सुपारी कोंबत होते.

मग तोंड उघडेना. आधी तिखट सोसेना, मग भाकरीचा घास बारीक करून घ्यावा लागायला लागला. अक्कानं भाकरी दुधात कुस्करून द्यायला सुरुवात केली तेव्हा मला कळलं. मी त्यांना लातूरला तोंडाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घाला." दोन गेली, तिसरं ओठावरच थांबलं. बाईंनी गालाच्या आतला पांढरा पट्टा मला टॉर्च मारून दाखवला आणि दाजींना सरळ सांगितलं, "आजपासून बंद. कमी नाही, बंद. नाहीतर हे तोंड मिटत जाईल, आणि या पट्ट्याचं पुढं काय होतं ते ऐकायला तुम्ही माझ्याकडे येऊ नका." परतीच्या गाडीत दाजी देगलूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी सोडायचा प्रयत्न केला. बडीशेप खाल्ली, लवंग चघळली, तिसऱ्या दिवशी परत मळायला लागले. मोंढ्यात तंबाखू सोडणं सोपं नाही. तिथं दोन माणसं भेटली की आधी पुडी निघते, मग रामराम. असं दोन-तीनदा झालं. मग हैदराबादहून येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं त्यांना तो पाइप दिला. आपल्याकडे असल्या वस्तूंच्या विक्रीला बंदी आहे, पण बंदी असलेलं काय मिळत नाही? पितळी नळी, तळाला बटण, वर तापणारी कॉइल आणि कापूस, त्यात गोड वासाचं निकोटिनचं पाणी. बटण दाबलं की वाफ. दाजींनी तो ओढायला सुरुवात केली आणि तंबाखू सुटली. चार महिने. सुपारीचं खांडसुद्धा नाही.

हे मला अक्कानं फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती. "तू काय बी म्हण, पन त्यायनी तंबाखू सोडलीय. मला दुसरं काय बी नगं."

त्यानंतर एका सोमवारी दाजी माझ्या दुकानात आले. खुर्चीत बसले, पाइप काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्याच्यातला सेल दोन फुंक्यात गरम होऊन राहिलाय. तुमच्याकडचा एखादा दमदार सेल द्या. दोन द्या. एक आत, एक खिशात. दिवसभर सौदा बोलायचा म्हणल्यावर एक पुरंना गेलाय."

मी पाइप उघडला आणि माझं डोकं फिरलं. आत काहीच नव्हतं. माझ्या बॅटरीत सर्किटची एक पट्टी असते. जास्त वीज खेचली, सेल फार उतरला, कुठं शॉर्ट झालं, की ती पट्टी सगळं बंद करते. या नळीत पट्टी नव्हती, फ्यूज नव्हता, नुसतं बटण. बटण दाबलं की सेल सरळ कॉइलला. बटण खिशात दाबलं गेलं तरी सरळ कॉइलला. मी मीटर लावून कॉइलचा रेझिस्टन्स मोजला. इतका कमी निघाला की भरलेल्या सेलातून वीस अँपियरच्या वर खेचणार. आतला सेल बाजारू. लेबलवर इतका मोठा आकडा छापलेला की तेवढी वीज त्या आकाराच्या सेलात देवानं भरली तरी मावणार नाही. तो खोटा आकडा बघूनच मला कानशिलं तापल्यासारखं झालं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि हा भला माणूस ते तोंडाला लावून माझ्यासमोर वाफा सोडत बसलेला.

मी म्हणालो, "दाजी, हे खेळणं न्हाई."

"तंबाखू तर खेळणं व्हती का?" दाजी हसले. "ती सोडवली की ह्यानं."

खरं तर त्या वेळी बसून बोलायला हवं होतं. पंधरा मिनिटांचं काम होतं. हा सेल टाकून द्या. तोलामोलाचा सेल घ्या, जो तेवढी वीज झेलतो. कॉइल बदला. सुटा सेल नुसता खिशात टाकू नका, डबीत ठेवा. वरचं प्लास्टिक फाटलं की सेल वापरायचा नाही. चार्ज करताना गादीवर ठेवून झोपू नका. पाइप ठेवताना बटण लॉक करा. आणि जमलं तर हळूहळू हेही सोडा, कारण डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या हेही बंद करायला सांगतील. एवढंच. हे मी रोज बोलतो, अनोळखी लोकांशी बोलतो.

पण समोर दाजी होते. आमच्याकडे जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याला शिकवायचं नसतं आणि त्यानं मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी ते घरी आले की माझी माय डोक्यावर पदर सावरून आत जाते. ती त्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीतच होती. मी आत जाऊन तिला म्हणालो, हे धोक्याचं आहे, मला द्यायचं नाही. तिनं माझ्या दंडाला धरलं. "लेक नांदती तिथं. जावई मागायला आला अन् तू न्हाई म्हणतूस? दे, अन् तोंड वाकडं करू नगंस."

बरं, म्हणालो. मागितलंय ना, घ्या.

समोरच्या खोक्यात नवे, चांगले सेल होते. ते मी काढले नाहीत. पंपाची एक जुनी बॅटरी खोलून ठेवली होती, तिच्यातले दोन सेल उचलले. चालू होते, पण वापरलेले. जोडपट्टी ओढून काढताना त्यातल्या एकाचं टोपीजवळचं प्लास्टिक थोडं सोललं गेलं होतं. नखाएवढं. मला दिसलं होतं. नवं प्लास्टिक चढवायला दोन मिनिटं लागतात, गरम हवा सोडणारी हीटगन शेजारीच होती. मी दोन्ही सेल तसेच काउंटरवर ठेवले. डबी दिली नाही. एक शब्द बोललो नाही. मला रागच आला होता. वाटलं, एवढे शहाणे आहात तर तुमचं तुम्ही बघा. त्यांनी सेल खिशात टाकले, मायला वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि गेले. मी दुपारभर हातोडीनं उगाच पत्रे ठोकत बसलो.

दाजींनी तंबाखू सोडली होती, पण चुन्याची डबी सोडली नव्हती, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यात त्यांची चूक काढायची तर आमच्या अख्ख्या मुलखाची काढावी लागेल. तिथं कुणी "जरा चुना सोडा" म्हणून तळहात पुढं केला आणि तुम्ही नाही म्हणालात, तर तो माणूस आठ दिवस तोंड फिरवून जातो. भाव बोलणाऱ्याला हे परवडत नाही. म्हणून स्वतः खात नसताना दाजी दुसऱ्यांच्या सोयीसाठी अॅल्युमिनियमची ती दोन तोंडांची डबी पँटीच्या खिशात घेऊन हिंडत होते. एका बाजूची तंबाखूची जागा रिकामी, दुसऱ्या बाजूला चुना भरलेला. डबीच्या शेजारी माझा तो सोललेला सेल.

तीन आठवड्यांनी, भर बाराच्या उन्हात, सोयाबीनच्या ढिगावर सौदा चालू असताना कुणीतरी चुना मागितला. दाजींनी बोलता बोलता खिशातून डबी काढून दिली, परत आली तशी घाईत खिशात कोंबली. थोड्या वेळानं मांडीला चटका बसला. त्यांना वाटलं काहीतरी चावलं. ते भाव बोलतच राहिले. मग खिशातून सूं असा आवाज आला आणि पँट पेटली. त्यांनी खिशात हात घालून सेल बाहेर ओढला, म्हणजे पेटलेली वस्तू मुठीत धरली. पाणी आणायला लोक पळाले. तेवढ्यात एकानं जळलेल्या मांडीवर टूथपेस्ट लावली, दुसऱ्यानं दही. त्या पेस्ट लावणाऱ्याचे हात धरून विचारावंसं वाटतं, बाबा, शेजारी हौद होता ना रे? पण पँटीचं कापड कातडीला चिकटलेलं बघून कुणाचं डोकं चालेल?

अक्काचा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला सेल डबीत घालून देत होतो. डबी हातात तशीच राहिली.

त्यांना नांदेडला आणलं. मांडीवर वीतभर जखम आणि उजव्या हाताची तीन बोटं भाजलेली. बावीस दिवस दवाखान्यात. आणि त्या बावीस दिवसांत देगलूरहून, मुखेडहून, कुठून कुठून माणसं भेटायला आली. प्रत्येकानं पाइपला शिव्या घातल्या. पाइप तर त्या वेळी वरच्या खिशात थंड पडलेला होता. पेटला तो सुटा सेल. मी हे सांगायचो तर कुणी ऐकून घ्यायचं नाही. "तंबाखूनं कधी कुणाचा खिसा पेटला का?" दाजींच्या चुलत्यांनी विचारलं आणि सगळी खोली हसली. मग त्या चुलत्यांनी माझ्यासमोर, नर्सबाई बाहेर गेल्याचं बघून, तंबाखू मळली आणि दाजींच्या डाव्या तळहातावर ठेवली. "घ्या. दुखणं सोसंल."

मी ओरडलो. दवाखाना गोळा होईल एवढं ओरडलो. चुलते म्हणाले, "पाव्हण्याला काय झालं? आमी मानसाला दोन घडीचा आराम देऊन राहिलो." दाजींनी माझ्याकडे बघितलं, मग अक्काकडे, आणि तळहात तोंडाशी नेला. अक्का खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. चार महिन्यांचं सगळं एका चिमटीत गेलं. पाइप तर चुलत्यांनी आधीच नाल्यात फेकला होता. त्याबद्दल त्यांना गावात शाबासकी मिळाली.

दाजी बरे झाले. चालायला लागले. पण त्या दिवसापासून परत खायला लागले ते खायलाच लागले, आधीपेक्षा जास्त. मी फोनवर बोललो, जाऊन बोललो, भांडलो. आता मला जावयाला बोलता येत होतं. तेव्हा तेवढं येत नव्हतं.

मागच्या श्रावणात मी त्यांना परत लातूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोटं घालायला लावली. एक गेलं आणि दुसऱ्याचं टोक. बाईंनी बॅटरीवाल्या मेव्हण्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघितलं आणि तपासणीसाठी गालाचा तुकडा काढायची तारीख लिहून दिली. मोंढ्यात आता सौदा दुसरा माणूस बोलतो. दाजी काट्यापाशी बसून पोती मोजतात. बोलले तर दातांच्या फटीतून बोलल्यासारखं येतं आणि तीन भाषांतली एकही नीट ऐकू येत नाही.

दवाखान्यातून निघून आम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. दाजी बशीत ओतून चहा ओढत होते, कारण कप लावण्याएवढं तोंड उघडत नव्हतं. मला ते बघवेना. मी सगळं सांगून टाकलं. नवे सेल समोर असून जुने दिले. एकाचं प्लास्टिक फाटलेलं मला दिसलं होतं. डबी दिली नाही. रागानं गप्प बसलो. मला वाटत होतं ते चिडतील. मला ते चिडायला हवे होते. भर हॉटेलात त्यांनी माझ्या मुस्काटात मारली असती तरी मी ती खाल्ली असती.

दाजींनी बशी खाली ठेवली. बराच वेळ जबडा हलवून शब्द जुळवले.

"बाजारचा सेल आसता तर उलटापालटा करून बघितला आसता, पाव्हणं," ते म्हणाले. "तुमच्या हातचा व्हता. म्हनून बघितलाच न्हाई."

एवढंच. आवाजात राग नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून पुडी काढली. भाजलेली बोटं आता वाकत नाहीत, मळता येत नाही. घरी हे काम अक्का करते. त्यांनी पुडी आणि डबी माझ्यासमोर सरकवली. "जरा मळून द्या."

"न्हाई," मी म्हणालो. "दाजी, न्हाई देणार. पाया पडतो, पण न्हाई."

जावयाला मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालो. माझा आवाज इतका चढला होता की गल्ल्यावरच्या माणसानं मान वळवली. दाजींनी पुडी उचलली आणि शेजारच्या बाकावर गाडीची वाट बघत बसलेल्या एका अनोळखी माणसापुढं धरली. त्या माणसानं एकदा त्यांच्या वाकड्या बोटांकडे बघितलं आणि काही न विचारता मळून द्यायला तळहात पुढं केला.